विनातारण प्यादे

कॉमर्स शिकलेल्या माणसाने बुद्धिबळाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्वानुभवाचे मत आहे. एक रक्कम नावे टाकली की समोर जमा दिसेपर्यंत आम्हाला घास जात नाही. आणि गँबिट म्हणजे काय, तर डाव सुरू होतो न होतो तोच एक प्यादे विनातारण देऊन टाकायचे! वीस वर्षे शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर खेळतो आहे, मी ते कधी दिले नाही. तात्या रोज देतात आणि रोज मला हरवतात. तात्या तरुणपणी खासबागेत कुस्त्या मारलेले. शाहू महाराजांनी 1912 साली उभारलेल्या त्या मैदानाची माती अजून त्यांच्या बोलण्यात आहे.

परवा म्हटले, यांना इतिहासानेच चीत करावे.

"तात्या, हे धंदे आपले नव्हेत. जुन्या देशी डावात प्यादे पहिल्या चालीलासुद्धा एकच घर सरकायचं. प्याद्यानं मात दिली की 'प्यादेमात', केवढी शान! तिथं प्यादं फुकट कोण घालवील?"

"मग ह्यो गँबिट आणला कुणी?"

मी उत्साहाने सांगितले. रुय लोपेझ नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने 1561 साली बुद्धिबळावर ग्रंथ लिहिला, त्यात हा शब्द घातला. मूळ इटालियन. 'गाम्बेत्तो' म्हणजे पायात पाय अडकवून पाडणे...

बोलता बोलताच माझी जीभ अडखळली. पण उशीर झाला होता.

"म्हंजे टांग की रं!" तात्यांनी मांडीवर शड्डू ठोकला. "अरं मर्दा, टांग मारायची तर आपला एक पाय उचलावाच लागतोय. दोन्ही पाय जिमिनीवर ठिवून कुणाला पाडलंयस तू आजवर?"

पुढचा इतिहास मी खालच्या आवाजात सांगितला. तात्यांचा लाडका डाव कॅप्टन इव्हान्सचा. हा वेल्समधला दर्यावर्दी. वेल्स ते आयर्लंड टपालाची बोट हाकायचा. 1824 च्या सुमारास त्याला हा डाव सुचला. चौथ्या चालीला पांढऱ्याने वजिराच्या बाजूचे घोड्यापुढचे प्यादे दोन घरे पुढे ढकलायचे. काळ्याच्या उंटाने ते खाल्ले की दुसऱ्या प्याद्याने त्याच उंटाला हुसकावायचे. उंट पळापळ करतो, तोवर पांढऱ्याची प्यादी पटाच्या मध्यावर ठाण मांडतात. व्याज वेळेच्या रूपाने मिळते, एवढेच. पुढे हा डाव जुनाट म्हणून मागे पडला. पण 1995 साली रीगा येथे कास्पारोव्हने तोच काढला आणि आपल्या आनंदला 25 चालींत हरवले.

"बघ! आनंदबी पडला," तात्या म्हणाले. त्यांना देशाभिमानापेक्षा डावाचा अभिमान अधिक.

वाचकहो, इथे एक खासगी बाब सांगितली पाहिजे. ऑफिसरच्या बढतीला मी तीनदा नकार दिलेला आहे. बढतीबरोबर बदली येते आणि बदलीबरोबर कोल्हापूर सुटते. चौथ्यांदा आलेला फॉर्म सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तात्यांना तो ठाऊक नाही; बायकोला आहे.

काल संध्याकाळी पांढरी मोहरी माझ्याकडे होती. चौथ्या चालीला मी घोड्यापुढचे प्यादे उचलले, दोन घरे पुढे ठेवले आणि हात मागे घेतला. हात थोडा थरथरत होता, हे नाकारत नाही.

तात्यांनी प्यादे खाल्ले नाही. चहा मागवला, चष्मा पुसला आणि बराच वेळ पटाकडे बघत बसले. शेवटी विचारले, "घरी समदं बरं हाय न्हवं?"

फॉर्मची मुदत शनिवारपर्यंत आहे.