पाळणाघरातला फ्रिज

दक्षिण आफ्रिकेतली लिस्टेरिया या जंतूची साथ, २०१७-१८. एकूण १,०६० रुग्ण, २१६ मृत्यू. दहांतले चार रुग्ण महिन्याच्या आतली बाळं.

जुलै २०१७. नवजात बाळांमध्ये लिस्टेरिया वारंवार सापडतोय, असं ख्रिस हानी बारागवानाथ आणि स्टीव्ह बीको रुग्णालयांतले डॉक्टर राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेला कळवतात. देशात एरवी वर्षाला ६० ते ८० रुग्ण. रोगाची नोंद सरकारला देणं अजून सक्तीचं नाही. गरोदर बाईला नुसती कणकण येते, अंग दुखतं, ती बरीही होते. तोवर जंतू वारेतून बाळापर्यंत पोचलेला असतो. लागणीनंतर आजार दिसायला ७० दिवसही लागतात. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्लं, कोण सांगणार?

५ डिसेंबर. माल परत मागवायला ८९ दिवस बाकी. आरोग्यमंत्री ॲरन मोत्सोआलेदी साथ जाहीर करतात. ५५७ रुग्ण, ३६ मृत्यू. आता नोंद सक्तीची होते, पण जंतू कशातून येतोय ते कळलेलं नाही. दुकानांत पोलोनी विकली जातेच आहे. हे गुलाबी, स्वस्त, तयार मांस न शिजवताच पावात घालून खातात. लिस्टेरिया फ्रिजमध्येही वाढतो.

१२ जानेवारी २०१८. ५१ दिवस. सोवेटोच्या एका पाळणाघरातली पाच वर्षांखालची नऊ मुलं ताप आणि जुलाब घेऊन बारागवानाथमध्ये येतात. औषध देऊन घरी पाठवता आलं असतं. बालरोगतज्ज्ञांना मात्र अन्नाचा संशय येतो. आरोग्य निरीक्षक त्याच दिवशी पाळणाघरात पोचतात. तिथल्या फ्रिजमधली दोन कंपन्यांची पोलोनी तपासणीला जाते. साऱ्या साथीत इतक्या तातडीने झालेलं दुसरं काम मला दिसत नाही.

२७ जानेवारी. ३६ दिवस. एका मुलाची विष्ठा, दोन्ही पोलोनी: तिन्हींत लिस्टेरियाची एसटी-६ ही जात. रुग्णांकडून मिळालेल्या जंतूंपैकी ९१ टक्के याच जातीचे.

फेब्रुवारी. त्या दोन पोलोनींपैकी एक बनवणाऱ्या, पोलोक्वाने इथल्या एंटरप्राइज कारखान्यातून नमुने घेतले जातात. ३० टक्क्यांहून जास्त नमुन्यांत लिस्टेरिया निघतो. जात तीच का, हे जनुकीय तपासणीनंतरच कळणार. माल बाजारात आहे.

३ मार्च, मध्यरात्र. निकाल येतो. कारखान्यातल्या किमान १६ नमुन्यांत एसटी-६.

४ मार्च, रविवार. मंत्री कारखान्याचं नाव घेतात. माल परत मागवला जातो. रुग्णांचा आकडा ९४८ वर गेलेला आहे, त्यातले १८० जण दगावल्याची माहिती आहे. त्याच सकाळी न्याहारीला ज्या गरोदर बाईने ही पोलोनी खाल्ली, तिचे ७० दिवस १३ मेला संपणार आहेत.