यंत्र जागे होते तेव्हा



वणीजवळच्या आपल्या राजूरला कोळसा नवा नाही, तशी खाणीतली इशाऱ्याची घंटाही नवी नाही. किती ठोक्यांना दोर ओढायचा आणि किती ठोक्यांना थांबायचे हे एकदा ठरले, की मजूर कुठल्याही मुलखातून आलेला असो, त्याचे काम अडत नाही. पण काय बिघडले आणि आता काय करायचे, हे सांगायचे झाले की घंटा अपुरी पडते. तिथे शब्दच लागतो. संगणकाचीही गोष्ट अशीच आहे बरं का!

आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला छोटा संगणक बाजारात आणला. बटण दाबले की तो आधी स्वतःची तपासणी करी. सारे ठीक असले तर एकदा बारीक ‘पीं’ वाजे. बिघाड असला तर पडद्यावर आकडा उमटे. २०१ म्हणजे स्मृतीत दोष, ३०१ म्हणजे कळफलकात. ही घंटेचीच रीत झाली. त्याच काळात आकड्यांच्या जोडीला इंग्रजी वाक्येही आली. यंत्रात चुकीची फ्लॉपी राहून गेली, तर काळ्या पडद्यावर एक वाक्य येई. त्याचा अर्थ एवढाच की, ‘या तबकडीवरून यंत्र सुरू होणार नाही; ती बदला आणि कोणतीही कळ दाबा.’

आता समजा, खेड्यातल्या एखाद्या शाळेत हे वाक्य उमटले. इंग्रजी न येणाऱ्याला वाटणार, यंत्र मेले! मग त्यावर फडके टाकायचे आणि शहरातल्या माणसाची वाट पाहायची. चूक एका तबकडीची, शिक्षा मात्र वर्गभर पोरांना.

तुम्ही विचाराल, मग हे वाक्य मराठीत का नव्हते? पहिली अडचण जागेची. फ्लॉपीवरचा पहिला कप्पा अवघ्या ५१२ बाइटांचा. यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञा आणि ही वाक्ये त्यातच कोंबायची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. नुसते ‘कळ दाबा’ म्हटले तरी १९ बाइट खर्ची पडले!

दुसरी अडचण वळणाची. जुन्या पडद्याजवळ २५६ ठसे असत. एका घरात एक ठसा, की काम झाले. आपली लिपी अशी सरळ नाही. ‘स्थिती’ हा शब्द फळ्यावर लिहून पाहा. पहिली वेलांटी उच्चारात ‘थ’नंतर येते, पण लिहिताना ‘स्’च्याही आधी जाऊन बसते. हे जुळवणारी आज्ञावली मोठी, आणि यंत्र तर अजून पुरते जागेही झालेले नसते.

आपल्या लोकांनी हात टेकले नाहीत. कानपूरच्या आयआयटीत देवनागरी संगणकाचे काम झाले. पुढे पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि तिथे ‘जिस्ट’ कार्ड पुढे आले. पडद्याकडे निघालेली अक्षरे वाटेत घेऊन हे कार्ड ती भारतीय लिपीत मांडी. १९९१ साली भारतीय लिप्यांचा ‘इस्की’ संकेत प्रमाण झाला. तरी यंत्राचे पहिले बोल बहुधा इंग्रजीच राहिले. २००७ सालच्या युईएफआय नियमावलीत मात्र संदेश आज्ञांपासून वेगळे ठेवून अनेक भाषांत देण्याची सोय आली.

एक तोडगा तर आपल्या ओळखीचा आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग शिळेवर छापले. खिळे जुळवण्याची कटकटच नको. लिहिलेले पान जसेच्या तसे उठवायचे. क्रोमबुक नावाच्या संगणकांतही सुरुवातीच्या इशाऱ्यांची वाक्ये हिंदीसह अनेक भाषांत आधीच चित्रे करून ठेवतात. शिळाप्रेसचीच युक्ती ती!

मात्र भाषांतर करताना दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. आकडा असेल तर तो पुसू नये, कारण दुरुस्ती करणारा दुसऱ्या प्रांतातला असू शकतो. आणि ‘स्मृतित्रुटी’ असा जड शब्द ठोकून मोकळे होऊ नये. माणसाने काय करावे ते सांगावे.

गुरुजी, तोवर एक करता येईल. शाळेतल्या यंत्राने आजवर दिलेले इशारे मुलांकडून वहीत उतरवून घ्या, खाली साध्या मराठीत अर्थ लिहा आणि तो कागद यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवा. पुढच्या वेळी पडदा काळा झाला, तर फडके शोधण्याआधी कोणीतरी तो कागद वाचील.