पुरी : समोरच्या बेटावरची हरवलेली राजधानी

थायलंडमधील अयुथ्या पाहून आलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने विभागात छायाचित्रे दाखवली. १३५१ मध्ये वसलेली, १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने जाळलेली ही सयामची राजधानी तीन नद्यांनी वेढलेली आहे. म्हणजे एक प्रकारे ते बेटच. विटांचे उद्ध्वस्त स्तूप आणि मस्तक नसलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा पाहताना नावातली आपली अयोध्याही आम्ही कौतुकाने उच्चारली. तेवढ्यात कुणीतरी सहज म्हणाले, ‘आपल्याही समोरच्या पाण्यात एक राजधानी आहे म्हणतात!’ त्या ‘म्हणतात’ने आम्हांला घरापुरीला नेले.

घरापुरी उरण तालुक्यात, रायगड जिल्ह्यात मोडते. अर्थात मुंबईपेक्षा ती आमची. तरी रूढ वाट मुंबईवरूनच. हार्बर मार्गाने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेथून गेटवे, आणि मग तासाभराचा लाँचचा प्रवास. आपल्याच अंगणातील वस्तू पाहण्यासाठी शेजाऱ्याच्या दारातून जावे, तसा हा प्रकार.

साहित्याच्या अभ्यासकाला ही राजधानी प्रथम भेटते ती ऐहोळेच्या शिलालेखात. शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५ मधील हा लेख. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याचा आश्रित जैन कवी रविकीर्ती याने तो रचला आणि आपली कीर्ती कालिदास व भारवी यांच्या बरोबरीची असल्याचे अखेरीस अभिमानाने नोंदवले. या उल्लेखामुळे कालिदासाच्या काळाची खालची मर्यादा ठरते, म्हणून आम्ही वर्षानुवर्षे हा लेख वर्गात सांगत आलो. पण त्याच प्रशस्तीत कोकणच्या मौर्यांचा पाडाव आहे आणि लगेच पुरी नावाच्या नगरीवरील स्वारी आहे. रविकीर्ती या नगरीला पश्चिम समुद्राच्या लक्ष्मीची उपमा देतो. पुलकेशीच्या शेकडो नौका त्याला मत्त हत्तींच्या कळपांसारख्या दिसतात. आकाश आणि सागर यांनी एकमेकांचे रूप घेतल्याचा भास त्याला होतो. एवढे सारे आमच्या खाडीबद्दल लिहिलेले असू शकेल, आणि आम्ही मात्र कालिदासाचे साल टिपून पान उलटत होतो!

पुढे उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांतही पुरी येते. चौदाशे गावांच्या प्रदेशाचे प्रमुख नगर म्हणून तिचा निर्देश होतो. कारभाराचे केंद्र मात्र स्थानक म्हणजे ठाणे येथे स्थिरावत गेलेले दिसते. तेराव्या शतकात यादव महादेवाशी लढताना शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला आणि त्या घराण्याबरोबर पुरीचे नावही राजकारणातून लोपले.

ही पुरी म्हणजेच घरापुरी, असे आम्ही विद्यार्थ्यांना निःशंकपणे सांगत असू. एकदा उरणकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, राजधानी होती तर नगर कुठे गेले? बेटावर तर लेणी आणि तीन वाड्या आहेत.’ त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर, हा प्रश्न आमच्या आधी तिला पडला, याची आम्हांला थोडी लाज वाटली.

बेटावर उतरल्यावर तो प्रश्न सोबत होताच. अनुकूल पुरावा नगण्य नाही. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेले मुख्य लेणे आणि त्यातील भव्य सदाशिव (ज्याला लोक चुकीने ब्रह्मा-विष्णू-महेशाची त्रिमूर्ती म्हणतात) राजाश्रयाविना उभे राहणे कठीण. कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी या बेटावर सापडली आहेत. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, तर मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत. म्हणजे लेण्यांच्या कितीतरी आधीपासून येथे जहाजे लागत होती. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या वाड्यांची नावेही बंदराचीच आठवण सांगतात.

प्रतिकूल बाजूही तितकीच ठाम आहे. बेट लहान आहे आणि राजधानीला शोभेल असे नगर, तट वा वाडे येथे उजेडात आलेले नाहीत. जंजिऱ्याजवळच्या राजपुरीचा दावाही अभ्यासकांनी मांडलेला आहे. नामसाम्य हा पुरावा मानायचा तर ‘पुरी’ हे अक्षरद्वय दोन्हीकडे आहे!

या वादाचा निकाल कदाचित एका दगडावर लिहिलेला असता. १५३४ मध्ये वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. लेण्याच्या दारावरील मोठ्या अक्षरांचा एक कोरीव शिलालेख त्यांनी काढून नेल्याची हकीकत दियोगु दु कौतु या पोर्तुगीज इतिहासकाराने नोंदवली आहे. इथे तो वाचणारा कुणी भेटला नाही, म्हणून तो तिसऱ्या जुआंव राजाकडे पोर्तुगालला पाठवला; तिथेही तो वाचता आला नाही आणि पुढे नाहीसा झाला. लेणे कुणी कोरवले, या बेटाचे तेव्हाचे नाव काय, हे सांगू शकणारी अक्षरे अशी गेली.

पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिले ते राजबंदराजवळच्या दगडी हत्तीवरून. त्या हत्तीची मान १८१४ मध्ये गळून पडली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात जोडलेल्या अवस्थेत उभा आहे. रविकीर्तीच्या नौका हत्तींसारख्या होत्या; इथला खरा हत्ती नौकेत चढू शकला नाही.

अयुथ्येचे अवशेष जळून गेलेल्या नगराची साक्ष देतात, आणि ते नगर कोणते याविषयी वाद नाही. घरापुरीला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, परंतु तो लेण्यांना. राजधानी अद्याप अनुमानातच आहे. बेटावरच्या रहिवाशांना तर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. तोवर रात्री समोरचे दिवे पाहणे हेच त्यांच्या वाट्याला होते. टेकडीवरून पूर्वेकडे पाहिले, तर १९८९ पासून चालू असलेल्या न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन दिसतात आणि उत्तरेकडे जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू. पश्चिम समुद्राची लक्ष्मी या खाडीतून हललेली नाही, एवढे तरी म्हणता येईल.

परतल्यावर त्या विद्यार्थिनीला आम्ही तिच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर दिले : पुरी घरापुरीच असावी असे आम्हांला वाटते, पण ते सिद्ध झालेले नाही; नगर कुठे गेले हे सांगता येत नाही, आणि ते शोधावे लागेल. तिने ते आम्हांला अपेक्षित नव्हते इतक्या समाधानाने ऐकले. यंदा ऐहोळेचा लेख शिकवताना आम्ही कालिदासाच्या नावापाशी पोहोचण्याआधी पुरीच्या श्लोकापाशी थांबलो, आणि फळ्यावर उरणच्या किनाऱ्याचा नकाशा काढला.