मोठ्या आईंची काशी

आमच्या सासरच्या घरात जुन्या पिढीतलं काशीला जाऊन आलेलं माणूस म्हणजे मोठ्या आई. माझ्या सासूबाईंच्या चुलत सासूबाई. कधी गेल्या, यावर घरात एकमत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, पहिल्या लढाईच्या आधी. मामंजी म्हणायचे, छे, इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर, कारण त्या साथीतच त्यांचे यजमान गेले. मला मामंजींचं पटतं. पण मोठ्या आई तर आगगाडीतून उतरून नावेनं पैलतीरी काशीत गेल्याचं सांगायच्या म्हणे, आणि राजघाटचा रेल्वेपूल तर १८८७ सालीच झालेला. बहुधा त्यांच्या सासूनं सांगितलेली नाव त्यांच्या आठवणीत शिरली असावी.

नाव असो नसो, शिदोरी मात्र सासूबाईंना तोंडपाठ होती. मेतकूट, भाजणी, गूळखोबरं आणि दशम्या. दशम्यांचं पीठ दुधात भिजवलेलं, म्हणजे प्रवासात सोवळ्याला बाध नाही. बरोबर वळकटी आणि फिरकीचा तांब्या.

यंदाच्या माघात मी आणि माझी धाकटी नणंद अशा दोघीच काशीला गेलो, आणि शक्य तेवढं पायीच हिंडायचं ठरवलं. तिचे गुडघे कुरकुरतात, मला दम लागतो, म्हणून घाई नव्हती. दशाश्वमेधावरून उत्तरेकडे निघालो. डाव्या हाताला पायऱ्या, उजव्या हाताला गंगा, मध्ये शेळ्या, न्हावी, पतंग उडवणारी पोरं. ललिता घाटावर नेपाळी लाकडी देऊळ बघितलं, मणिकर्णिकेच्या चिता ओलांडल्या. तिथे नणंद गप्प झाली. मग आपणहून म्हणाली, "झाशीच्या राणीचं नाव इथलंच ना गं?" इथलंच. मोरोपंत तांबे चिमाजी अप्पांच्या पदरी होते. दुसऱ्या बाजीरावांचे हे भाऊ पेशवाई बुडाल्यावर काशीत येऊन राहिले. मुलगी इथेच झाली, नाव ठेवलं मणिकर्णिका.

पुढे शिंदे घाट. बायजाबाईंनी बांधवला, पण त्याच्या भारानं पायाच खचला. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ आजही कललेलं आहे. याची कथा मोठ्या आई हटकून मुलग्यांनाच सांगायच्या. एकानं आईसाठी हे देऊळ बांधलं आणि म्हणाला, आई, तुझं ऋण फिटलं. तो शब्द तोंडातून निघाला न निघाला तोच देऊळ कललं. मामंजी लहानपणी ही गोष्ट ऐकून इतके धसकले होते की आईला आणून दिलेल्या कुठल्याच वस्तूची किंमत सांगायचे नाहीत.

याच बायजाबाईंच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत निघाले, आणि सापडले बंडात. झाशीची लूट डोळ्यांनी पाहिली, स्वतःही लुटले गेले आणि अखेर गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी पोचले. 'माझा प्रवास' १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापला. आम्हीही पेणकडचेच. आमच्यातला कोणी पूर्वज त्यांच्याबरोबर होता अशी आवई घरात आहे. पुस्तकात तो काही मला भेटला नाही. मामंजींच्या हयातीत मात्र हे बोलण्याची माझी छाती नव्हती.

भोसले घाट आला तशी नणंद फुलली. "वहिनी, हे सगळं आपलंच की गं!" मला असं 'आपलंच' म्हणणं जड जातं. बंगाल्यांचा बंगाली टोला आहे, दाक्षिणात्यांचा हनुमान घाट आहे. जो आला त्यानं आपला एक कोपरा केला. आपले लोक ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत राहिले. पैठणहून आलेल्या भटांच्या घराण्यातल्या नारायण भटांनी सोळाव्या शतकात विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभारलं, आणि त्यांच्याच कुळातल्या गागाभटांनी १६७४ साली रायगडावर महाराजांना राज्याभिषेक केला. एकनाथांचं भागवतही १५७३ साली काशीतच पुरं झालं. आम्ही त्या गल्ल्यांत शिरलो तर एका ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईंनी आमचं बोलणं ऐकून विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मराठी आपलीच, हेल मात्र पुरा बनारसी. पाणी दिलं, आलेपाकाची वडी दिली.

विश्वनाथाला मोठ्या आई 'अहिल्याबाईंचा विश्वनाथ' म्हणायच्या. औरंगजेबानं १६६९ साली पाडलेलं देऊळ अहिल्याबाईंनी शेजारी नव्यानं बांधलं, ते १७८० साली पुरं झालं. त्यामुळे मोठ्या आईंच्या लेखी देव बाईंच्या घरी राहायला होता आणि म्हणून तिथे भीड वाटायची नाही. त्यांनी सांगितलेली अंधारी, फुलांच्या चिखलाची गल्ली मी शोधत होते. २०२१ साली झालेल्या रुंद दगडी वाटेनं आम्ही थेट गंगेवरून वर चढलो. नणंदेच्या गुडघ्यांना सोयीचं झालं, हे मी नाकारत नाही. पण गल्ली हवी होती.

दर्शनानंतर कचोरी खाताना सोडण्याचा विषय निघाला. काशीला जाऊन आपली आवडती भाजी किंवा फळ जन्माचं सोडायचं, ही रीत. मोठ्या आईंनी वांगं सोडलं, तेही भरल्या वांग्यांवर जीव असताना. पुढे चंपाषष्ठीला भरीत त्याच करायच्या आणि सासूबाईंना हाक मारायच्या, "मीठ बघ गं." त्यांच्याबरोबर गेलेल्या दिरांनी कारलं सोडलं होतं आणि त्यावरून त्यांना मरेपर्यंत टोमणे ऐकावे लागले.

"मी गोड सोडते," नणंद जिलबी मोडत म्हणाली.

"डॉक्टरांनी सोडायला सांगितलेलं चालत नाही."

ती बराच वेळ विचार करत होती. आंबा म्हणाली, मग लगेच नाही म्हणाली. "फणस?" मी विचारलं.

"कापा की बरका?" तिनं उलट विचारलं.

"दोन्ही."

"मग राहू दे. पडवळ सोडते."