दाखल-खारीज

जुन्या मराठी शाळेच्या लोखंडी कपाटात, खडूच्या खोक्यांमागे, एक लांबरुंद बांधीव वही असते. तिला आपण 'दाखल-खारीज रजिस्टर' म्हणतो. विदर्भातील जुनी माणसे अजूनही 'दाखल-खारीज पंजी' म्हणतात. मध्यप्रांताच्या कारभाराची हिंदी छाया मराठीवर पडली, तिची ही एक खूण. विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, जात, अक्षरांत लिहिलेली जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, खारीज झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचे कारण आणि शेवटी शेरा, अशी रकान्यांची मांडणी. आम्ही साहित्याची माणसे. चरित्र-आत्मचरित्राच्या अभ्यासक्रमात इतकी वर्षे घालवल्यावर आम्हांस असे वाटू लागले आहे की, मराठीत एका ओळीत चरित्र लिहिण्याची कला कुणास साधली असेल, तर ती या वहीत लिहिणाऱ्या अनाम गुरुजींना.

ही वही आम्ही प्रथम लक्षपूर्वक पाहिली ती आंजी (मोठी) परिसरातील एका शाळेत. वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, धाम नदीच्या काठचे हे गाव. कागदोपत्री कंसातील 'मोठी' चुकली की टपालाचा आणि दाखल्यांचाही घोळ होतो, म्हणून सगळे ती आठवणीने लिहितात. आमच्या पदवी वर्गातील एक विद्यार्थिनी याच भागातून येत असे. अनुसूचित जातीतील, भूमिहीन घरातील. तिला जात पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता आणि तो कसा शोधावा हे घरात कुणास ठाऊक नव्हते. वर्गात आम्ही तिला दलित आत्मकथने शिकवीत होतो आणि तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र एका कागदापायी अडला होता. या विसंगतीची थोडी लाज वाटून आम्ही दोघे तिच्याबरोबर गेलो.

शाळा सोडल्याच्या कारणांचा रकाना वाचताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती कारणांची एकसुरी भाषा. 'परगावी गेल्यामुळे', 'घरकामामुळे' आणि सर्वांत अधिक 'सतत गैरहजर'. वास्तविक 'सतत गैरहजर' हे कारण नव्हेच. ते कारणाचे फलित होय. मूल का येत नव्हते, हे गुरुजींना ठाऊक असणार, पण रकाना अरुंद होता. खारीज झाल्याच्या तारखांकडे पाहिले तर रकाना जे सांगत नाही ते महिने सांगतात. वर्धा हा पऱ्हाटीचा मुलूख. पावसाळ्यात निंदण, दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी. वेचणीला लहान हात चालतात, मजुरी किलोमागे मिळते, म्हणजे घरातून जितके हात शेतात, तितका धान्याचा डबा भरलेला. आणि जी मोठी मुलगी वेचायला जात नाही, ती धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते. आमच्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावरही नोव्हेंबरात रिकाम्या चौकटी वाढतात. वरिष्ठ महाविद्यालयात त्यांना 'अनियमितता' म्हणतात, एवढाच फरक.

ही परिस्थिती कुणाच्या ध्यानात आली नव्हती असे मुळीच नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हिशेबच मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. मध्यप्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा १९२० साली आला, पण सक्ती लागू करणे स्थानिक संस्थांच्या इच्छेवर आणि तिजोरीवर सोडलेले होते. वर्धा जिल्ह्यात तेव्हा मालगुजारी होती (ती १९५१ मध्ये संपली). ज्याच्या शेतात पोर राबते त्याच्याच वजनाने गावचा कारभार चालत असेल, तर शाळेच्या सक्तीचा आग्रह कुणी धरावा?

आणि तरीही ज्या जिल्ह्यात आम्ही हे लिहितो आहोत, तेथेच या प्रश्नाला एक विलक्षण उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात (पुढचे नवभारत विद्यालय) शिक्षण परिषद भरली, अध्यक्षस्थानी गांधीजी. त्यातून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि डिसेंबरात तिचा अहवाल आला. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून, मोफत व सक्तीचे शिक्षण, आणि तेही एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारा. अहवालातले वेळापत्रक पाहण्यासारखे आहे: साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस मिनिटे. आम्हां भाषाशिक्षकांना ही चाळीस मिनिटे टोचतात, हे कबूल करतो. १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामात आर्यनायकम् दांपत्याने ही 'नई तालीम' आयुष्य ओतून चालवली.

या योजनेची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली. आम्हांस तिच्यामागील मूळ निदान आजही खरे वाटते: पुस्तकी शाळा श्रमाला हीन लेखते आणि त्यामुळे श्रमिकाचे मूल तेथे पाहुण्यासारखे वावरते. परंतु योजनेतील आर्थिक कलम नाजूक होते. मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, या कल्पनेवर परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला. खुद्द झाकिर हुसेन समितीनेही आर्थिक बाजूवर फाजील भर देण्याचा धोका नोंदवला. त्याच सुमारास पं. रविशंकर शुक्ल यांची 'विद्यामंदिर' योजना आली. गावकऱ्यांनी जमीन दान द्यावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा बेत. दोन्ही योजनांत गरिबांच्या शाळेचा खर्च सरकारी तिजोरीबाहेर शोधण्याची धडपड दिसते. फुल्यांच्या हिशेबाला हे उत्तर नव्हते.

आणखी एक गोष्ट होती, जी अहवालांत नाही. ज्यांच्या पिढ्या हातकामातच गेल्या, त्यांना शाळेकडून काय हवे होते? नागपूर-वर्धा पट्ट्यातील दलित समाज डॉ. आंबेडकरांचा शब्द मानणारा. त्यांना शाळा हवी होती ती गाव सुटावे म्हणून, जातीने नेमून दिलेले काम सुटावे म्हणून. टकळीला प्रतिष्ठा देऊ पाहणारी शाळा ज्याच्या हाती टकळी कधी नव्हती त्याच्यासाठी प्रयोग असते. जो कामातून सुटू पाहतो त्याला ती पुन्हा कामाकडेच वळवते आहे, असा संशय येतो. हा संशय अन्यायकारक असेलही, पण निराधार नव्हता. वर्गात कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' शिकवताना हे प्रकर्षाने जाणवते. नागपूरच्या महार कुटुंबातील ही मुलगी संस्कृतात एम. ए. झाली, तरी प्राध्यापकी मिळाली ती आंतरजातीय विवाहाने आडनाव बदलल्यावर. म्हणजे शाळेच्या वहीतून खारीज न होता शेवटपर्यंत गेलेल्यासही जातीचा रकाना सोडीत नाही. सेवाग्रामची ती शाळा पुढे बंद पडली. २००५ साली 'आनंद निकेतन' या नावाने तेथे ती पुन्हा सुरू झाली, आणि आता तिच्याकडे अधिक मोकळ्या मनाने पाहता येते, हे नोंदवले पाहिजे.

पुन्हा त्या वहीकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर सवलती आल्या: शिष्यवृत्त्या, ईबीसी, १९९२ पासून दुर्बल घटकांतील प्राथमिक शाळेच्या मुलींना रोज एक रुपया उपस्थिती भत्ता, १९९५ पासून पोषण आहार. एक रुपयाची थट्टा आम्हीही शिक्षकखोलीत केलेली आहे. या सवलतींचा उपयोग झाला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल; आमच्या निम्म्याहून अधिक वर्ग त्यांच्याच बळावर बसलेला असतो. पण सवलतीला पुरावा लागतो. १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पडताळणीची व्यवस्था घट्ट झाली, २००० च्या राज्य कायद्याने तिला रूप दिले. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७, अशा तारखा. त्यापूर्वी आपले पूर्वज येथे होते व अमुक जातीचे होते, हे कागदाने दाखवायचे. बनावट दाखल्यांनी खऱ्यांचा हक्क लुबाडला जात होता, म्हणून ही व्यवस्था आली. तिचा हेतू आम्ही नाकारीत नाही.

पण कागद कुणापाशी असतो? ज्याच्या आजोबाला जमीन होती त्याचे नाव अधिकार अभिलेखात. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याचे नाव दाखल-खारीज पंजीत. ज्याला जमीन नव्हती आणि शाळाही नव्हती, त्याच्यासाठी उरते कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूची गावनोंद. तीही पाने वाळवीने खाल्ली नसतील तर. पालांवर राहणाऱ्या पारध्यांचे मूल कोणत्या गावच्या वहीत जन्मले म्हणावे? आजोबाला शाळा मिळाली नाही, म्हणून नातवाला शाळेसाठीची सवलत मिळण्यात अडचण. वंचिततेचे असे चक्रवाढ व्याज कुठल्याही सावकाराने आकारले नसेल. त्यात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या नोंदींचा गुंता वेगळाच. एकाच घरात थोरल्याच्या नावापुढे 'महार', धाकट्याच्या 'बौद्ध'. राज्याने बौद्धांना १९६० साली सवलती दिल्या, केंद्राच्या अनुसूचित जातींच्या व्याख्येत त्यांचा समावेश व्हायला १९९० उजाडले. स्वाभिमानाने बदललेला एक शब्द तीस वर्षे कार्यालयांच्या टेबलांवर तोलला जात होता.

आमच्या विद्यार्थिनीच्या सख्ख्या आजोबांचे नाव वहीत नव्हतेच. त्यांनी शाळा पाहिली नाही. दुपारपर्यंत पाने उलटल्यावर त्यांच्या थोरल्या भावाचे नाव सापडले. १९४८ च्या उन्हाळ्यानंतर पहिलीत दाखल, पुढच्याच वर्षी डिसेंबरात खारीज. दीड वर्षाची शाळा. घरात कुणालाच ठाऊक नव्हते की हे मोठे आजोबा कधी पाटीसमोर बसले होते. ते तर अंगठाच उठवीत, असे ती म्हणाली.

मुख्याध्यापकांनी उताऱ्याचा छापील नमुना काढला आणि मूळ नोंदीवरून एकेक रकाना भरू लागले. कारणाच्या रकान्याशी येताच त्यांनी विचारले, हे लिहू की कोरे ठेवू? नियमाप्रमाणे जसेच्या तसे उतरवायला हवे होते. तिने वहीवर वाकून तो रकाना स्वतः वाचला, डिसेंबर महिन्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "लिहा सर, वेचणी चालू असन तवा." मुख्याध्यापकांनी 'सतत गैरहजर' असे लिहून खाली शिक्का मारला.