ऑपरेशनआधी भूल : डॉक्टरांना काय सांगायचं, घरी काय पाळायचं?

जळगाव/धुळे : ऑपरेशन ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘भूल दिल्यावर माणूस नीट उठेल ना?’ पूर्ण भूल आज बरीच सुरक्षित आहे, पण रुग्णाने आणि नातेवाईकांनी काही गोष्टी पाळल्या तरच.

उपाशी का ठेवतात?
पूर्ण भुलीत खोकला आणि ठसका बंद होतो. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून साधारणपणे हलकं जेवण किंवा दुधाचा चहा ६ तास आधी, तेलकट किंवा मटणाचं जेवण ८ तास आधी, अंगावरचं दूध ४ तास आधी आणि साधं पाणी २ तास आधी बंद करतात. नक्की वेळ डॉक्टर सांगतील. ‘थोडं खा, ताकद येईल’ म्हणून लपून खाऊ घालू नका. चुकून खाल्लं असेल तर लगेच सांगा.

हे लपवू नका
- दमा, बीपी, शुगर, हृदयविकार, फिट्स आणि चालू गोळ्या. गोळ्या मनाने बंद करू नका.
- आधी भुलीचा किंवा औषधाचा त्रास झाला असेल, घरात कुणाला भुलीने त्रास झाला असेल, तेही.
- गुटखा, तंबाखू, बिडी, दारू. गुटख्याने तोंड कमी उघडतं, मग श्वासाची नळी टाकणं अवघड होतं.
- सिकलसेल. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी पाड्यांत हा आजार आढळतो. ऑक्सिजन कमी पडणं, थंडी आणि पाणी कमी होणं अशा रुग्णाला धोक्याचं असतं.
- हलणारा दात, कवळी, गरोदरपण.

नेलपॉलिश काढून जा, बोटाला मेंदी असेल तर सांगा. बोटाला लावलेलं यंत्र रक्तातील ऑक्सिजन मोजतं.

आत काय होतं?
भूलतज्ज्ञ इंजेक्शन देऊन निघून जात नाहीत. ऑपरेशन संपेपर्यंत ते नाडी, बीपी, ऑक्सिजन आणि श्वासावर लक्ष ठेवतात. ‘भूल कोण देणार, ते शेवटपर्यंत थांबणार का?’ हे बेधडक विचारा. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही ऑपरेशनआधी भुलीची तपासणी होते, ती चुकवू नका.

घरी आल्यावर
२४ तास मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवू नका, विहिरीवरची मोटर सुरू करायला जाऊ नका, कागदावर सही करू नका. सोबत एक माणूस ठेवा. श्वास लागला, उलट्या थांबेनात किंवा रुग्ण नीट जागा होईना, तर १०८ ला फोन करा.