अंधेरीत दिवा का लागत नाही?

कारण दिवा मध्य रेल्वेवर आहे आणि अंधेरी पश्चिम रेल्वेवर! निरोप द्यायचा तर कुठे उतरावं? कळव्याला. मुंबईच्या उपनगरांत वाढलेल्या पोरांना असली कोडी कुणी शिकवावी लागत नाहीत. स्टेशनांची नावं तोंडपाठ झाली की ती सुचू लागतात. इंग्रजीचीही त्यातून सुटका नाही. रे रोड हे नाव मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं, पण मराठी कानाला तो 'अरे'मधला 'रे' ऐकू येतो आणि 'हाक मारणारं स्टेशन कोणतं?' हा प्रश्न तयार होतो. उलटंही घडलं आहे. शीव म्हणजे हद्द. परक्यांच्या तोंडी तिचं सायन झालं.

जोगेश्वरी आणि पार्ल्यात लहानाचे मोठे झालेले पु. ल. देशपांडे अशा कोट्यांचे राजे. कोटी आणि कोडं सख्खी भावंडंच. कोड्यात उत्तराची वाट पाहावी लागते, कोटीत ते ऐकता ऐकताच उलगडतं.

मराठी मुलखात कोड्याला नावंही किती! गोवा-कोकणात हुमण, विदर्भात आहणा. आज लग्नात नाव घेण्यापुरता उरलेला उखाणा हासुद्धा मुळात कोडंच. संतांनी कूट अभंग रचले ते याच वळणाचे. गावाकडे जेवणं आटोपली की ओटीवर कोडी घातली जात. मुंबईत ओटी सुटली. चार ओळखीची माणसं आणि हाताशी रिकामा वेळ, हे दोन्ही नोकरदाराला एकत्र मिळू लागलं ते लोकलच्या डब्यात.

मध्य रेल्वेच्या मार्गाने गणितालाही एक नाव दिलं आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, शालेय शिक्षण ठाण्याचं. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनावर त्यांना संख्यांचा एक नवा प्रकार सुचला. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. तेव्हाच्या 'डेमलो' या नावावरून त्यांनी त्या संख्यांना डेमलो संख्या म्हटलं. त्यांतल्या सर्वांत देखण्या अशा: ११ गुणिले ११ म्हणजे १२१, १११ गुणिले १११ म्हणजे १२३२१. आकडे एकेक पायरी चढतात आणि तशाच उतरतात.

कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिकवत होते. विद्यापीठातलं पद नाही, मोठी पदवी नाही. संख्यांशी खेळणारा मास्तर म्हणून अनेक गणितज्ञांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला, हे मनाला लागतं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते माहीत झाले.

दरम्यान शब्दकोड्यांचं खूळ येऊन गेलं होतं. २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांचं कोडं छापलं गेलं, तिथून हा खेळ जगभर पसरला. मुंबई राज्यात १९४०-५०च्या दशकांत त्याला बक्षिसांची हाव चिकटली. बंगळुरूच्या 'स्पोर्टिंग स्टार' साप्ताहिकातल्या 'आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्स'च्या प्रवेशिका आणि पैसे गोळा करायला मुंबईत माणसं नेमलेली होती. एकेका सूचक वाक्याला दोन-तीन शब्द चपखल बसत. बक्षीस मात्र संपादकाकडच्या सीलबंद उत्तराशी जुळणाऱ्यालाच. इथे अक्कल हरते आणि नशीब जिंकतं. १९५५च्या कायद्याने महिन्याला हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसाच्या अशा स्पर्धांवर बंदी घातली, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने या स्पर्धेला जुगारच ठरवलं. बरं झालं.

कापरेकरांच्या कोड्याला प्रवेश फी लागत नाही. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान मांडणी करून वजाबाकी करा. येईल त्या संख्येचं पुन्हा तेच. फार तर सात वेळा, की ६१७४ येतं आणि मग तेच येत राहतं. ही गोष्ट त्यांनी १९४९ साली मांडली.

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ते साल घेऊन घाटकोपरला बसावं: १८५३. ८५३१ वजा १३५८, विक्रोळीला ७१७३. कांजूरमार्गला ६३५४. भांडुपला ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८. शून्य विसरायचं नाही. नाहूरला ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ होईपर्यंत मुलुंड आलेलं असतं: ६१७४.